भिंतीवरची रेघ पुसू नका

"ईदच्या दुसऱ्या दिवशी पहाटे नदी आमच्या दारात उभी होती."

चिपळूणच्या एका जुन्या मोहल्ल्यातल्या भाभी आम्हाला सांगत होत्या. तारीख त्यांना दोन्ही कॅलेंडरांतली पाठ आहे. २२ जुलै २०२१, आणि जिलहज्जची ११. कोरोनाचे दिवस होते, त्यामुळे ईदची नमाज घरातच झालेली. कुर्बानीच्या गोश्ताचे हिस्से करून फ्रीजमध्ये ठेवले होते, पाऊस ओसरला की नातेवाइकांकडे आणि गरजूंकडे पोहोचवायचे म्हणून. शोहर कुवेतला. घरात त्या, दोन मुली आणि गुडघ्यांनी अधू झालेल्या सासूबाई. रात्रभर पाऊस कोसळत होता, पण कोकणातल्या माणसाला जुलैतल्या पावसाचे काय नवल? पहाटे नमाजेला उठल्या तेव्हा मोरीच्या भोकातून पाणी उलटे वर येत होते.

"आधी वाटले, मोरी तुंबली. मी फडके घेऊन पुसायला बसले. पाच मिनिटांत फडके तरंगायला लागले."

सासूबाईंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, खुर्चीला साडी बांधून मागच्या आळीतल्या हिंदू शेजाऱ्यांच्या दुमजली घरात नेले. शेजाऱ्यांच्या दोन मुलांनी खुर्ची उचलली. त्या घराच्या वरच्या मजल्यावर दुपारपर्यंत पंचवीस-तीस माणसे जमली. चहूकडे पाणीच पाणी, पण प्यायला आणि वजूला पागोळ्यांखाली परात धरावी लागली. वीज गेली, मोबाईलचे टॉवर बंद पडले. तिकडे कुवेतमध्ये शोहर टीव्हीवर चिपळूण पाहत होते आणि घरातला एकही फोन लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोणाच्या तरी फोनवरून दोन वाक्ये बोलता आली तेव्हा तो माणूस पलीकडे नुसता रडत होता.

आम्ही त्या घरात बसलो होतो तेव्हा घराला नवा रंग दिलेला होता. फक्त बैठकीच्या खोलीतल्या एका भिंतीचा हातभर पट्टा तसाच सोडलेला. त्यावर, आमच्या डोक्याच्याही वर, तपकिरी चिखलाची एक आडवी रेघ. रंगारी ती पुसायला निघाला होता, भाभींनी हात धरला. "राहू दे," त्या म्हणाल्या, "नाहीतर आम्ही विसरू."

हा लेख त्या रेघेविषयी आहे. पूर का येतो, तो आला तर काय करायचे आणि आलाच तर कमी नुकसान व्हावे म्हणून आपल्या नदीकाठच्या मोहल्ल्यांनी, मशिदींच्या जमातींनी आणि घराघरांनी आधी काय करून ठेवायचे, हे आम्ही चिपळूणच्या निमित्ताने मांडत आहोत. महाड, खेड, सांगली, कोल्हापूर, मिरज येथल्या वाचकांनाही यातले बरेच लागू पडेल.

पाणी येते कुठून?

वाशिष्ठी सह्याद्रीच्या कड्यांतून निघते आणि दाभोळजवळ अरबी समुद्राला मिळते. घाटमाथा आणि खाडी यांच्यामधले अंतर थोडे. कुंभार्ली घाटावर आणि आसपासच्या डोंगरांत पडलेला पाऊस काही तासांत चिपळूणच्या दारात येतो. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तो मुख्यतः चार महिन्यांत. २०२१ च्या त्या दिवसांत तर आभाळच फाटले होते. २३ जुलैच्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. एका दिवसात जवळजवळ दोन फूट पाणी.

सांगलीचा पूर आणि चिपळूणचा पूर यांत इथेच फरक आहे. सांगलीत कृष्णा आयर्विन पुलाजवळ फुटाफुटाने चढते. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. कोल्हापुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका दाखवते. लोक रेडिओ ऐकतात, सामान वर चढवतात, जनावरे हलवतात. दोन-तीन दिवस हाताशी असतात. पण तिथला पूर आला की आठवडा-आठवडा मुक्काम ठोकतो. चिपळूण आणि महाडचा पूर एका रात्रीत येतो आणि दोन दिवसांत ओसरतो. म्हणून कोकणात धोक्याची सूचना तासांच्या हिशोबाने पोहोचली पाहिजे.

दुसरे कारण समुद्र. चिपळूणपर्यंत खाडीच्या भरतीचा जोर जाणवतो. डोंगरातून पूर येत असताना खालून भरती चढत असेल, तर पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. ते गावात पसरते. हे आपल्याला हिजरी कॅलेंडरवरूनही समजू शकते. चांद्र महिन्याच्या सुरुवातीला आणि १४-१५ तारखेच्या आसपास उधाणाची भरती असते, मधल्या काळात भांगाची. २०२१ मध्ये पूर आला तेव्हा जिलहज्जची ११ होती, पौर्णिमा दोन दिवसांवर आलेली, म्हणजे भरती दिवसेंदिवस वाढत चाललेली. आमच्या आजोबांच्या पिढीतले तांडेल आणि खलाशी चांदाकडे बघून भरती सांगत. आपण चांद फक्त रमजान आणि ईदपुरता बघतो. घरातल्या कॅलेंडरवर पावसाळ्याच्या चार महिन्यांतल्या या तारखांभोवती लाल खूण करून ठेवायला काहीच खर्च नाही. त्या दिवशी मुसळधार पाऊस असेल, तर रात्री एकाने जागे राहायचे.

तिसरे कारण गाळ. एके काळी गोवळकोटच्या बंदरापर्यंत गलबते येत. आता खाडीच्या तोंडापासून वरपर्यंत पात्र उथळ झाले आहे. डोंगरावरची झाडी तुटली, रस्त्यांसाठी डोंगर कापले गेले, माती मोकळी झाली आणि प्रत्येक पावसाळ्यात ती नदीत येऊन बसली. पात्रात गाळाची बेटे तयार झाली, त्यांवर झाडेझुडपे वाढली. भांडे तेच, पण अर्धे मातीने भरलेले. त्यात पाणी मावणार किती?

चौथे कारण आपण स्वतः. गावातून वाहणारी शिव नदी पुढे वाशिष्ठीला मिळते. तिच्या दोन्ही काठांनी बांधकामे पुढे सरकत गेली. पूर्वी पाणी पसरायला जी सखल शेते, मळे आणि खाजणे होती, त्यांत भराव घालून इमारती उभ्या राहिल्या. यात कोणा एकाचा दोष नाही. ज्याला जिथे जागा मिळाली तिथे त्याने घर बांधले, आणि मंजुरी देणाऱ्यांनी ती दिली. पण दुसऱ्याची वीतभर जमीन बळकावण्याबद्दल प्रेषित मुहम्मद (स.) यांनी किती कडक इशारा दिला आहे, हे आपण जुम्याच्या खुत्ब्यात ऐकतो. नदीचीही हद्द असते. ती हद्द खाल्ली की त्याचा हिशोब शेजाऱ्याच्या घरात निघतो, हे आम्हाला चिपळुणात फिरताना ठिकठिकाणी दिसले.

धरणाच्या पाण्याचा प्रश्न

चिपळूणला आणखी एक वेगळी बाब आहे. कोयना मुळात पूर्वेला वाहणारी, कृष्णेला मिळणारी नदी. तिचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला वळवून वीज तयार केली जाते. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट आहे. वीज तयार झाल्यावरचे पाणी कोळकेवाडी धरणामार्गे शेवटी वाशिष्ठीत येते. म्हणजे वाशिष्ठी फक्त तिच्या डोंगरांचे पाणी वाहत नाही. ती दुसऱ्या खोऱ्याचेही पाणी वाहते. २०२१ च्या पुरानंतर या पाण्याचा वाटा किती, यावरून नागरिक आणि प्रशासन यांच्यात मोठा वाद झाला. नागरिकांचे म्हणणे, पाणी सोडल्यामुळे पूर वाढला. प्रशासनाचे म्हणणे, पाऊसच विक्रमी होता.

या वादात निकाल देणे आमचे काम नाही. पण एक मागणी दोन्ही बाजूंना मान्य व्हावी अशी आहे. किती पाणी, कधी आणि किती वाजता सोडले जाणार, हे खालच्या गावांना वेळेवर, मराठीत आणि प्रत्येकाला समजेल अशा भाषेत कळले पाहिजे. क्युसेकचा आकडा भाभींना सांगून काय उपयोग? "दोन तासांनी बाजारपुलाजवळ पाणी एवढे फूट वाढेल" असे सांगितले तर त्या सासूबाईंना वेळेत हलवतील. गुजरातेत सुरतला २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून पाणी सोडल्यावर तापीच्या पुराने शहराचा मोठा भाग बुडाला होता. त्यानंतर त्या शहराने धरणापासून शहरापर्यंत पूर्वसूचनेची साखळी उभी केली. तेथे जे होऊ शकले, ते कोकणात का होऊ नये?

धरणांबाबत आणखी एक जखम याच तालुक्याच्या अंगावर आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री तिवरे धरण फुटले आणि सुमारे वीस माणसे वाहून गेली. त्यामुळे या भागातल्या माणसाला धरणाचे नाव काढले की भीती वाटते, ती नुसती अफवांमुळे नाही.

पुरानंतर गाव उठले

पाणी ओसरल्यावर बाजारपेठेत गुडघाभर चिखल होता. कपड्यांचे तागे, धान्याची पोती, औषधे, सोन्याच्या दुकानांतल्या तिजोऱ्या, सगळे एकाच रंगाचे झाले होते. १८६४ मध्ये सुरू झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने २००५ च्या पुरात ग्रंथ गमावले होते. २०२१ मध्ये पुन्हा पाणी पुस्तकांत शिरले. घराघरांतून कुरआन शरीफच्या भिजलेल्या प्रती बाहेर आल्या. ज्या वाळवता आल्या त्या लोकांनी पानापानांत कागद घालून वाळवल्या. ज्या वाचण्याजोग्या राहिल्या नाहीत, त्या अदबीने स्वच्छ कपड्यात गुंडाळून पाय पडणार नाही अशा जागी दफन केल्या. भाभींच्या सासूबाईंची निकाहात मिळालेली प्रत त्यात होती. त्या दिवशी घर, कपाट, फ्रीज गेल्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. त्या प्रतीसाठी मात्र रडल्या.

मदत सगळीकडून आली. जिल्ह्याबाहेरून तरुणांच्या तुकड्या फावडी आणि घमेली घेऊन आल्या. डेगच्यांत खिचडी शिजली आणि कोणाचे घर कोणत्या आळीत आहे हे न विचारता वाटली गेली. ज्या शेजाऱ्यांच्या मजल्यावर मोहल्ला वाचला होता, त्यांच्या तळमजल्यावरचा चिखल मोहल्ल्यातल्या पोरांनी उपसला. भाभी म्हणाल्या, "त्यांनी आमची खुर्ची उचलली, आमच्या पोरांनी त्यांचा देव्हारा धुतला. याच्यावर कोणी भाषण केले नाही. कोणाला वेळच नव्हता."

त्यानंतर गावाने दुसरी एक गोष्ट केली, ती मदतीपेक्षाही मोठी आहे. डिसेंबर २०२१ मध्ये चिपळूण बचाव समितीने साखळी उपोषण सुरू केले. मागणी साधी : वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढा. व्यापारी, डॉक्टर, वकील, गृहिणी, सर्व धर्मांचे लोक आळीपाळीने मंडपात बसले. त्यानंतर गाळ काढण्याच्या कामाला वेग आला. शासनाची यंत्रणा लागली, नाम फाउंडेशननेही हातभार लावला. पात्रातली बेटे कापली गेली. २०२१ एवढा पूर त्यानंतर आला नाही, पण त्याचे सारे श्रेय गाळ काढण्याला द्यायचे की तसा पाऊस पुन्हा झाला नाही याला, हे घाईने ठरवू नये. गाळ दरवर्षी येतो. एकदा काढून भागत नाही; घर झाडण्यासारखे ते रोजचे काम आहे. आणि काढलेला गाळ काठावरच टाकला, तर पहिल्या पावसात तो पुन्हा पात्रात जातो, हेही पाहावे लागते.

भिंत, रेषा आणि जागा

पूर आला की पहिली मागणी होते ती संरक्षक भिंतीची. जिथे काठ खचतो आहे, तिथे भिंत हवीच. पण भिंत पाणी संपवत नाही, ती त्याला दुसरीकडे ढकलते. एका काठाला भिंत झाली तर समोरच्या काठाला पाणी जास्त लागते. आणि अतिवृष्टीत गावातले पाणी भिंतीमुळे नदीत जाऊ शकत नाही, तर आतच तुंबते. म्हणून भिंतीबरोबर झडपा, गटारे आणि पंप यांचा विचार लागतो.

दुसरी गोष्ट पूररेषा. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी निळ्या रेषेने दाखवतात आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषेने. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध. चिपळूणच्या नकाशावर या रेषा ओढल्या तेव्हा गावाचा मोठा भाग त्यांच्या आत आला आणि लोक हवालदिल झाले. ज्याचे चार पिढ्यांचे घर निळ्या रेषेत आले, त्याने दुरुस्ती कशी करायची, कर्ज कोणाकडे मागायचे? त्यांचा राग आम्हाला समजतो. पण रेषा पुसून पाणी थांबत नाही. मागणी करायची तर ती अशी करावी : पात्र खोल आणि मोकळे केल्यावर पुन्हा मोजणी करा, जुन्या घरांना उंच जोत्यावर बांधायची परवानगी आणि मदत द्या, आणि नवे भराव मात्र खरोखर थांबवा.

"शंभर वर्षांतून एकदा" या शब्दांनी फसू नये. त्याचा अर्थ आज आला की पुढची शंभर वर्षे सुट्टी, असा नाही. दरवर्षी तेवढा पूर येण्याची शक्यता शंभरात एक, एवढाच त्याचा अर्थ. चिपळूणने २००५ चा २६ जुलै पाहिला आणि सोळा वर्षांत २०२१ चा २२ जुलैही पाहिला. कृष्णाकाठाने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर पाहिले.

२०१९ च्या कृष्णाकाठच्या पुराचा अभ्यास नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केला. अतिवृष्टीइतकाच नदीपात्रातल्या आणि पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांचा मुद्दा तिथेही पुढे आला. दूरवरच्या नेदरलँड्सचे उदाहरण घ्या. निम्मा देश पाण्याच्या भीतीत जगतो, बांध बांधण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. तिथे १९९५ च्या पुरात सुमारे अडीच लाख लोकांना हलवावे लागले. त्यानंतर त्यांनी बांध उंच करण्याबरोबरच काही ठिकाणी बांध मागे सरकवले आणि नदीला पसरायला जागा परत दिली. ज्यांनी शतकानुशतके भिंती बांधल्या, त्यांनाही शेवटी जागाच सोडावी लागली.

तवक्कुल म्हणजे काय?

मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांशी आमचे बोलणे झाले. ते म्हणाले, "बेटा, अल्लाहने ठरवलेले कोण टाळणार? जे नशिबात असेल ते होईल." त्यांचा ईमान आम्हाला आदरणीय आहे. पण उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला प्रेषितांनी (स.) आधी उंट बांध, मग भरवसा ठेव, असे शिकवले. हजरत नूह (अ.) यांनी तुफान यायच्या आधी कोरड्या जमिनीवर नाव बांधली आणि लोक त्यांना हसत होते. तुफान आल्यावर नाव बांधता येत नाही. तयारी हा तवक्कुलचाच भाग आहे.

आणखी एक सवलत आपल्या दीनने दिली आहे, ती पावसाळ्यात विसरू नये. जोराच्या पावसात आणि चिखलात लोकांनी आपापल्या घरी नमाज पढावी, अशी घोषणा अजानबरोबर करण्याची रीत हदीसमध्ये नोंदलेली आहे. पाणी चढत असताना मशिदीकडे निघालेल्या वृद्धाला घरातच थांबवणे, हेही दीनचेच काम आहे.

मशिदीची जमात काय करू शकते?

एका मोहल्ल्यात यावर झालेली चर्चा आम्ही ऐकली. जमातीकडे थोडी शिल्लक होती. काहींचे म्हणणे, वजूखान्याला नव्या फरशा बसवाव्यात; तरुणांचे म्हणणे, एक नाव आणि लाइफ जॅकेट घ्यावीत. वाद वाढला. इमामसाहेबांनी सांगितले, लोकांनी मशिदीसाठी म्हणून दिलेला पैसा मशिदीवरच खर्च झाला पाहिजे, त्याला हात लावू नका. नावेसाठी वेगळा फंड काढा आणि पहिली वर्गणी माझी लिहा. आम्ही निघालो तेव्हा यादी फिरत होती. ती पुरी होईल की पाऊस आधी येईल, हे कोणी सांगू शकत नव्हते.

अशा जमातींसाठी काही गोष्टी आम्ही सुचवतो :

* मशिदीच्या लाउडस्पीकरवरून पूरसूचना देण्याची व्यवस्था ठरवून ठेवा आणि स्थानिक प्रशासनाला व पोलिसांना तशी आधी कल्पना द्या. वीज गेल्यावर चालेल अशी बॅटरी तपासून ठेवा. सूचना सर्व आळ्यांसाठी असावी, फक्त आपल्या मोहल्ल्यासाठी नव्हे.
* मोहल्ल्यातले वृद्ध, अपंग, गरोदर स्त्रिया, डायलिसिसचे आणि ऑक्सिजनवरचे रुग्ण, आणि ज्या घरांतले पुरुष आखातात आहेत अशी घरे, यांची यादी करा. प्रत्येक घरासमोर दोन तरुणांची नावे लिहा. त्यांनीच त्या घरात आधी पोहोचायचे.
* उंचावरची मशीद, मदरसा, शाळा, लग्नाचा हॉल यांपैकी कोणते ठिकाण उघडायचे आणि चावी कोणाकडे, हे मेमध्येच ठरवा. स्त्रियांसाठी वेगळी खोली आणि शौचालय असावे.
* नाव घेतलीत तर तिच्यात किती माणसे बसवायची हे तिच्यावर रंगाने लिहा. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला बचावासाठी निघालेली नाव उलटून पंधराहून अधिक माणसे बुडाली. नावेत जादा माणूस घेणे म्हणजे मदत नव्हे.
* पुरात कर्जबाजारी झालेल्या छोट्या दुकानदाराचा विचार करा. जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जदारही आहेत. तो हात पसरणार नाही, आपणच त्याच्यापर्यंत जायचे. मसल्यासाठी आपल्या आलिमांना विचारावे.

घरातली तयारी

आता घराकडे वळू. हे काम बहुतेक घरांत आमच्या भगिनींनाच करावे लागते, म्हणून त्यांनाच उद्देशून लिहितो.

कागदपत्रे एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड घट्ट बांधून, माळ्यावर ठेवा : आधार, रेशनकार्ड, पासपोर्ट, निकाहनामा, सातबारा, बँकेचे पासबुक, विम्याचे कागद. सर्वांचे फोटो काढून आखातातल्या शोहरला किंवा भावाला पाठवून ठेवा. घरातला फोन भिजला तरी तिकडे प्रत राहील. त्याच पिशवीत आठ दिवसांची नेहमीची औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा. टॉर्च, काडेपेटी, खजूर, चणे, बिस्किटे, पाण्याच्या बाटल्या वेगळ्या पिशवीत. महत्त्वाचे फोन नंबर कागदावर लिहून ठेवा. आता कोणालाच नंबर पाठ नसतात. आणीबाणीसाठी ११२ आणि जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७.

मोरीतून किंवा संडासातून पाणी उलटे येऊ लागले, तर ती पहिली घंटा समजा. फडके घेऊ नका. मेन स्विच बंद करा, गॅस सिलिंडरचा कॉक बंद करा, आणि माणसे आधी वर न्या. फ्रीज, सोफा, कपाट यांचा मोह नको. पाण्यातून चालावे लागले तर काठीने अंदाज घ्या. उघड्या गटारांची झाकणे दिसत नाहीत. कौलारू एकमजली घर असेल, तर कोणाच्या स्लॅबवर जायचे हे शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा. पुराच्या दिवशी परवानगी मागायला वेळ नसतो.

पाणी ओसरल्यावर दुसरा धोका सुरू होतो. वीज लगेच सुरू करू नका, वायरमनला दाखवा. कपाटाखाली, चपलांत साप-विंचू असतात. साफसफाईला गमबूट आणि हातमोजे वापरा, कारण पुराच्या पाण्यात उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो आणि पायाची बारीक जखमही त्याला पुरते. चिखलात काम केल्यानंतर ताप, डोळ्यांत लाली, पोटऱ्यांत दुखणे अशी लक्षणे दिसली, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. विहिरीचे पाणी उपसून टीसीएल पावडर टाकल्याशिवाय आणि उकळल्याशिवाय पिऊ नका. चिखल काढण्यापूर्वी घराचे, दुकानाचे आणि पाण्याच्या रेघेचे फोटो काढा. पंचनामा आणि विमा, दोन्हींना ते लागतात.

घर सोडावे का?

जाता जाता आम्ही भाभींना हा प्रश्न विचारला. कुवेतहून शोहरचे म्हणणे आहे की हे घर विकून डोंगराच्या बाजूला फ्लॅट घ्यावा. सासूबाई तयार नाहीत. "माझे माणूस इथल्या कब्रस्तानात आहे," एवढेच त्या म्हणतात. आणि विकायचे म्हटले तरी ही रेघ पाहिलेला कोणी गिऱ्हाईक किंमत देत नाही. भाभी दोघांच्या मध्ये उभ्या आहेत. दरवर्षी जूनमध्ये त्या कपाट रिकामे करतात, फ्रीज विटांच्या चौथऱ्यावर चढवतात आणि खुर्ची, ती जुनी प्लास्टिकची खुर्ची, दाराजवळ ठेवतात.

त्यांना काय सल्ला द्यावा, हे आम्हाला सुचले नाही. नदीकाठच्या हजारो घरांत हाच प्रश्न आज बसून आहे आणि प्रत्येक घराला त्याचे उत्तर आपापल्या ऐपतीने शोधायचे आहे. पण ज्यांना तिथेच राहायचे आहे, त्यांनी निदान डोळे उघडे ठेवून राहावे. आणि जे उंचावर राहतात, त्यांनी खालच्यांची यादी आपल्या खिशात ठेवावी.

मदिन्यात एकदा पाऊस थांबेना तेव्हा प्रेषितांनी (स.) पाऊस बंद व्हावा अशी दुआ केली नाही, तो वस्तीवर न पडता आजूबाजूला, टेकड्यांवर, दऱ्यांत आणि झाडांच्या मुळांशी पडावा अशी दुआ केली. पाऊस रहमतच आहे. त्याला उतरायला टेकडीवर झाड, वाहायला मोकळे पात्र आणि पसरायला जागा शिल्लक ठेवणे, हे आपल्या हातात आहे.

यंदा रंग काढाल तेव्हा भिंतीवरची ती रेघ पुसू नका. मुलांना तिच्याखाली उभे करून दाखवा, पाणी कुठपर्यंत आले होते.